धुक्यातले झेल

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. जवळजवळ आहेच. आईला मी बरंच सांगते, बहिणीला त्याहून जास्त. पण ही एक गोष्ट — ही मी त्यांच्यापैकी कुणाच्याच कानावर घातलेली नाही. लाज वाटते म्हणून? तीही आहेच. पण खरं सांगू का — मला त्या गोष्टीची भीती वाटते. मी केलं ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्यानंतर जे होत गेलं, ते मात्र अजून माझ्या पाठीमागे उभं असल्यासारखं वाटतं.

आम्ही २०१४ मध्ये आयर्लंडला, नावन नावाच्या गावी आलो. मी तिथल्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. माझं काम कागद तपासायचं. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी खरा आकडा, सही, तारीख. खाडाखोड चालत नाही. हे मी नव्या मुलांना शिकवते. अजूनही शिकवते.

आणि मी सॉफ्टबॉल खेळलेली. अमरावतीला शाळेपासून, मग विद्यापीठाकडून. आयर्लंडमध्ये हा खेळ कोण खेळतं, असं वाटलं होतं, पण नावनच्या बाहेर, नदीच्या बाजूला, मुलींचा एक छोटासा क्लब निघाला. माझी लेक गार्गी तिथे जायला लागली. पाठोपाठ सानिका. सानिका म्हणजे मृणालची मुलगी. मृणाल आमच्याच इस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत, चार घरं सोडून राहायची. पुण्याची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. मुलगी मावशी म्हणायची. त्या परक्या गावात माझ्या प्रेसमध्ये — इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात — कुठल्या डब्यात काय आहे हे न विचारता माहीत असलेली ती एकटी बाई.

क्लबचे कोच डेक्लन. पेशाने प्लंबर, अंगाने आडदांड, आवाज मात्र हळू. बाहेरगावच्या स्पर्धांना कुणाला न्यायचं हे ते नजरेने ठरवायचे, आणि त्यावरून दर वेळी पालक पेटायचे. पार्किंगमध्ये गाड्यांना टेकून कुजबुज, ग्रुपवर लांबलचक मेसेज, एक आई तर मुलीचं किट त्यांच्या पायाशी टाकून निघून गेली होती. शेवटी डेक्लन माझ्याकडे आले. मी म्हटलं, चाचणी घेऊ. फटका, फेक, पळणं, झेल — प्रत्येकाला दहा गुण, सगळ्यांसमोर, आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. पहिल्याच वेळी सगळे गप्प झाले. ज्यांच्या मुली गळल्या तेही म्हणाले, फेअर आहे. मी पार्किंगमधून चालत गेले की लोक मान हलवून नमस्कार करायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

म्हणजे बघा — अन्याय कसा टाळायचा, हे मीच त्यांना दाखवलेलं.

२०१६ च्या वसंतात वेल्सची स्पर्धा ठरली. बोटीने जायचं, तीन दिवस राहायचं. पंधरा मुली, बारा जागा. गार्गीने महिनाभर आधीपासून बॅग काढून ठेवली होती. मी तिला एकदाही म्हटलं नाही की बाळा, तुझं नक्की नाही.

चाचणीच्या सकाळी धुकं होतं. नदीवरून आलेलं, जमिनीला चिकटलेलं. डेक्लन म्हणाले, "उठेल थोड्या वेळात, ग्रँड होईल." ग्रँड म्हणजे इकडे नुसतं 'ठीक'. धुकं उठलं नाही. उलट दाटत गेलं. तीन चाचण्या कशाबशा उरकल्या. मी उभ्या उभ्या बेरजा करत होते. अकरा मुली स्पष्ट पुढे. बाराव्या जागेवर दोघी, अगदी बरोबरीत. गार्गी आणि सानिका.

राहिले झेल. गार्गीने दहातले सहा घेतले. सानिका सर्वांत शेवटी. तोवर असं धुकं झालं की फटका मारणाऱ्या डेक्लनना समोरची मुलगी दिसेना. ते मला म्हणाले, "तू तिच्याजवळ जाऊन उभी राहा. मला इथून काही कळणार नाही."

मी गेले. तिच्यापासून दहा पावलांवर थांबले. मागे वळून पाहिलं तर मैदान नव्हतं, माणसं नव्हती, बाकीच्या मुलींचा आवाजही कुणी उशीखाली दाबल्यासारखा. फक्त ती आणि मी. बारा वर्षांची, किडकिडीत, केसांचा घट्ट पोनी, आणि पांढऱ्याफटक हवेकडे लागलेले डोळे.

पलीकडून बॅटचा आवाज यायचा — टक्. मग काहीच नाही. मोजता येईल एवढा वेळ काहीच नाही. आणि मग तिच्या डोक्यावर, अगदी हाताच्या अंतरावर, धुक्यातून चेंडू एकदम प्रकट व्हायचा. मी दचकायची. ती नाही. ग्लव्ह वर जायचा, थप्. पुन्हा ती तशीच उभी. मी इतकी वर्षं खेळले, चांगल्या चांगल्या खेळाडूंबरोबर खेळले. अशी नजर मी पाहिली नव्हती. चेंडू ग्लव्हमध्ये जाईपर्यंत तिची पापणी हलत नव्हती.

दहातले नऊ.

मी पाच लिहिले.

रेघ मारून बदल करायचीही वेळ आली नाही — पहिल्या झटक्यातच खोटं लिहिलं, स्वच्छ अक्षरात. आणि एवढ्यावर थांबले असते तरी... पण शेऱ्याचा रकाना रिकामा दिसत होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी लिहिलं: चेंडू जवळ आला की डोळे मिटते.

कुठून आलं हे वाक्य? मला आजही माहीत नाही. मी ते योजलं नव्हतं. कुणी कानात सांगावं आणि आपण उतरवून घ्यावं, तसं ते आलं.

डेक्लननी कागद पाहिला. म्हणाले, "पाचच? मला ग्लव्हचे आवाज जास्त ऐकू आल्यासारखे वाटले."

"लागून खाली पडले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांनी का विश्वास ठेवू नये? आणि सानिका? तिने तर मोजले असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच धरून चालले होते. पण मुलींना फक्त एकूण बेरीज कळवली जायची, झेलांचे वेगळे गुण नाहीत, आणि तिने विचारलंच नाही. मावशीने लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.

यादी सोमवारी गेली. मंगळवारी संध्याकाळी मृणाल आली, सानिकाला घेऊन. मी चहा टाकला. गार्गी आणि सानिका टेबलाशी बसून काहीतरी रंगवत होत्या. मृणाल चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"राग नाही हो ताई," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, कुठे कमी पडली? म्हणजे आम्ही घरी करून घेऊ तिच्याकडून."

मी म्हणू शकले असते, थोडक्यात हुकलं गं. खोटंच, पण निरुपद्रवी. त्याऐवजी कागदावरचं ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"डोळे मिटते गं ती," मी म्हटलं. "चेंडू आला की. भीती आहे तिला. तिला स्वतःलाही कळत नसेल."

सानिकाने रंगवता रंगवता मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रडवेलीही नाही — आरशात बघावं तशी बघत होती. मग तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. हळूच. करून पाहिल्यासारखं.

वेल्सला आम्ही गेलो. बोटीवर मी मुली मोजायची. बारा. बरोबर. पण दर वेळी बारावर बोट थांबायचं नाही, तोंडातून "तेरा" निघून जायचं. एकदा मोठ्याने निघालं तेव्हा डेक्लननी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हसले. गार्गीला मात्र मजा आली. आम्ही सगळे सामने हरलो आणि तरीही मुली तीन दिवस खिदळत होत्या. गार्गीने एक झेल घेतला आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीला त्याची काही शिक्षा झाली असं मी सांगू शकत नाही. झाली नाही.

परत आल्यावर सरावाला सानिका होतीच. एकही दिवस चुकवला नाही तिने. आणि मे महिन्यात मला पहिल्यांदा दिसलं — चेंडू येताना तिची पापणी लवली. एवढीशी. मी स्वतःला म्हटलं, सगळ्यांचीच लवते. जूनमध्ये ती मान वळवायला लागली. जुलैत डोळे गच्च मिटून, ग्लव्ह तोंडासमोर धरून उभी राहायची. मृणाल रोज संध्याकाळी मागच्या अंगणात तिच्याकडे चेंडू टाकायची. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "डोळे उघडे, सानू. डोळे उघडे ठेव." पुन्हा पुन्हा, तेच. मी खिडकी लावून घ्यायची.

माझं वाक्य जसंच्या तसं खरं होत होतं. अक्षर न् अक्षर. तुम्ही कधी स्वतःचं खोटं असं चालताबोलताना पाहिलंय? रोज थोडं मोठं होताना?

एकदा डेक्लन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "तू आधीच ओळखलंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं शिकवतोय मी, मला दिसलंच नव्हतं." मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सवयीने कळतं."

ऑगस्टमध्ये साधा, हळू आलेला चेंडू तिच्या डोळ्याखाली बसला. स्वच्छ ऊन होतं, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळं दिसत होतं. मीच बर्फ घेऊन धावले. गाल सुजून निळा होत होता. मी गुडघ्यावर बसून बर्फ धरला, तर ती मलाच धीर द्यायला लागली.

"इट्स ग्रँड, मावशी," ती म्हणाली. "तू सांगितलंस ना. माझीच चूक आहे. सॉरी."

सॉरी. मला.

तिने त्यानंतर सॉफ्टबॉल सोडला. गार्गीनेही पुढच्या वर्षी सोडला. कंटाळा आला म्हणाली. याद्या मात्र मी आणखी दोन वर्षं केल्या. एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही. त्याने काय झालं? काही नाही.

२०१८ मध्ये मृणालच्या नवऱ्याला लिमरिकला नोकरी लागली, ते गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते. २०१९ च्या गणपतीत तिने आग्रहाने बोलावलं, तेव्हा गार्गीला घेऊन मी गेले. सानिका पंधरा वर्षांची झाली होती. उंच, अबोल. तिने आम्हाला वाकून नमस्कार केला, गार्गीशी हसून बोलली, मग आरतीची तयारी करू लागली. कुणीतरी पलीकडून "सानू, धर गं" म्हणत सफरचंद टाकलं. साधं सफरचंद. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खांदे आवळून उभी राहिली. सफरचंद तिच्या पायाशी पडलं. घरातले कुणी हसले नाहीत, कुणी काही म्हणालेही नाहीत. त्यांना सवय झाली होती.

जेवणानंतर स्वयंपाकघरात मृणाल आणि मी दोघीच होतो. ती मोदक डब्यात भरून देत होती.

"ताई, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत ना, बरं केलंत. दुसऱ्या कुणी गोड बोलून टाळलं असतं. मी आई असून मला दिसलं नव्हतं."

तिच्या हातात डब्याचं झाकण होतं. बाहेर मुलींचा आवाज येत होता. ती माझ्याकडे बघत होती, घाईत नव्हती. मला हवा तेवढा वेळ होता.

"अगं, त्यात काय," मी म्हटलं, आणि डबा घेतला.

परतताना गार्गी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. ती आता माझ्याशी इंग्रजीतच बोलते, तिथल्या हेलात. लिमरिक मागे पडल्यावर म्हणाली, "मम, शी वॉज द बेस्ट ऑफ अस, यू नो. बिफोर."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे नाही. रस्ता सरळ होता, मोकळा होता.

मी "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले.