सांदूच्या वाटचा घास

"अगं, एका जागी बस की जरा! पायांत भिंगरी बांधलीय का?" बालगृहाची स्वयंपाकीण ओरडली.

"बसू कशी? आज शनिवार आहे," किवा म्हणाली, आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन आली.

"शनिवार दर आठवड्याला येतो."

"मेलेल्यांचा शनिवार येतो का दर आठवड्याला?"

 स्वयंपाकीण मक्याच्या पिठाचा मामालिगा घाटत राहिली.

त्रिनिटीच्या ख्रिस्ती सणाच्या आदल्या शनिवारी प्रुत नदीकाठच्या या गावात प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांच्या नावाने नवा वाडगा किंवा नवा पेला दान देतं. वाडग्यात कोलिवा असतो, म्हणजे उकडलेला गहू, त्यात साखर, अक्रोड आणि वरून रंगीत गोळ्या. पेल्याच्या कानाला चेरीची जोडी अडकवलेली असते. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. तिथल्या तिथे एक घास खायचा आणि म्हणायचं, "देव त्यांना क्षमा करो." त्यातही आईबाप जवळ नसलेल्या मुलाच्या तोंडी गेलेला घास सगळ्यात आधी वर पोचतो, ही गावाची पक्की समजूत. त्यामुळे दुपारपर्यंत निम्मं गाव बालगृहाच्या फाटकात येऊन उभं राहायचं.

धडधाकट मुलांची चंगळ असायची. झेनियाची आई इटलीत कुणा म्हातारीची सेवा करते, म्हणून ती दहा वर्षांची पोर इथे. ती दर वर्षी बारातेरा मेलेल्यांच्या नावाने खायची आणि उरलेल्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवायची. पण जी मुलं गिळताना अडखळतात त्यांच्यासाठी गव्हाचा अख्खा दाणा म्हणजे काळ. आणि त्या मुलांत इलिंका होती.

इलिंका सात वर्षांची. हातपाय काटकीसारखे ताठ, बोलता येत नाही, हसली की अख्खी खुर्ची हलते. घास श्वासनळीत जाऊन गेल्या वर्षभरात तिला दोनदा न्यूमोनिया झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर तिला उत्तरेकडच्या मोठ्या संस्थेत हलवायचं, असं कागदावर लिहून ठेवलं होतं. तिथून परत आलेलं एकही मूल किवाने पाहिलं नव्हतं.

म्हणून चकरा.

पारास्किवा हे किवाचं पाळण्यातलं नाव, पण ते कुणी वापरत नसे. पंचावन्न वर्षांची, बुटकी, दंडाने मजबूत. आधी सामुदायिक शेतावर वासरं पाजायची. ते शेत बंद पडलं, तेव्हा बालगृहाच्या त्या वेळच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हात बसलेला आहे तुझा. इथेही तेच काम आहे." किवाला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आणि हात खरोखरच बसलेला होता. चाळीस मिनिटांत नऊ मुलं! सूप, मामालिगा, पाव, फळांचा रस, सगळं एकाच वाडग्यात कालवायचं, मुलाला दंडावर उताणं घ्यायचं, मान मागे, मोठा चमचा थेट जिभेच्या मुळाशी. मूल गिळतंच, न गिळून जातं कुठे? नव्या बायका कामाला लागल्या की मोठ्या बाई त्यांना जेवणघरात आणायच्या. "बघा, किवाचा हात बघा!" बावीस वर्षं ती त्या वाक्यावर जगली.

मग गेल्या शरद ऋतूत ऑरिका आली. गिळण्याची तपासणी शिकून आलेली, तिशीच्या आतली, केस मुलांसारखे कापलेले. तीन दिवस कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "किवामावशी, या टेबलावर जरा आडव्या व्हा."

"मी? का गं बाई?"

"व्हा तर. मी भरवते."

सगळ्या बायका हसायला लागल्या. किवाही हसत हसत आडवी झाली. पहिला चमचा कसाबसा गेला. दुसरा घशात पोचायच्या आत तिसरा आला. छताचा दिवा डोळ्यांत, कानात सूप, वर ऑरिकाचा दंड. किवाने टेबलावर टाचा आपटल्या. उठून बसली तेव्हा नाकातून शेवया येत होत्या. हसणं कधीच थांबलं होतं.

"किती चमचे झाले?" ऑरिकाने विचारलं.

"तीन."

"तुम्ही चाळीस देता."

 तोंड पुसून किवा थेट मागच्या अंगणात गेली. त्या दिवसापासून तिला स्वस्थपणा म्हणून नाही.

कारण सांदू. तिच्या हातून जेवणारा तो पोरगा दर जेवणाला खोकायचा आणि किवा म्हणायची, "नखरे बघा नवाबाचे!" त्याची छाती सारखी भरायची. पाच हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीत, तो गेला. नऊ वर्षांचा होता.

"सांदू माझ्या हाताने गेला का?" तिने ऑरिकाला एकदा, भांडी विसळता विसळता विचारलं.

ऑरिकाने नळ बंद केला. "सांगता येत नाही, मावशी. खरंच सांगता येत नाही."

हो म्हणाली असती तरी सोसलं असतं, नाही म्हणाली असती तरी.

तेव्हापासून किवा इलिंकाला खुर्चीत बसवून भरवायची. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा समोरून. सूप वेगळं, भाजी वेगळी, सगळं मलईसारखं दाट. गळ्याची हालचाल दिसेपर्यंत पुढचा घास नाही. अर्धा तास. पहिले काही दिवस किवाचा हात आपोआप पुढे जायचा. ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायची. एप्रिलमध्ये इलिंकाचं वजन दीड किलोने वाढलेलं निघालं, तर ही बाई काटा बिघडलाय म्हणून स्वतःच काट्यावर चढून बघती झाली.

*

अकरा वाजता फाटक उघडलं आणि व्हायचं तेच झालं. एका बाजूला नव्या वाडग्यांची रांग, दुसऱ्या बाजूला मुलांची. किवा जेवणघराच्या दारात हात आडवे लावून उभी.

"माझ्याकडे द्या. पोचवते मी. नाही, आत नाही. आतली मुलं आजारी आहेत."

"तुझ्या हातात दिलेलं पोचतं होय?" दोम्निका म्हणाली. डाकघरातून निवृत्त झालेली बाई, चाळीस दिवसांपूर्वीच विधवा झालेली. काळा रुमाल, कुशीत वाडगा. "माझ्या माणसाने मरताना तीन दिवस पाणीसुद्धा गिळलं नाही, किवा. उपाशी गेलाय तो. मला सगळ्यात दुबळ्या लेकराच्या तोंडात घास घालायचाय."

"दोम्निकाबाई, दुपारी या. मी बारीक वाटून ठेवते, मग द्या."

"वाटून? कोलिवा कुणी वाटतं का? मेलेल्याला पेज पाठवू?"

इतक्यात अंगणात कुणाचा तरी पेला फुटला, एक मूल रडायला लागलं, आणि किवा तिकडे धावली. दोन मिनिटं. जास्तीत जास्त तीन.

"किवामावशी!" झेनियाची किंकाळी आली. "काळ्या रुमालवालीने इलिंकाला घास दिला!"

किवा पोचली तेव्हा इलिंकाचा चेहरा जांभळा पडत होता. तोंड उघडं, आवाज नाही. दोम्निकाच्या हातात रिकामा चमचा होता.

"पाणी! अरे कुणी पाणी द्या तिला!" दोम्निका ओरडली.

"पाणी नको!" किवा गरजली. "हात लावू नका!"

तिने खुर्चीचा पट्टा सोडला, पोरीला दंडावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळवा हाणला. एक. दोन. हाच तो दंड. तीन. हिरवी गोळी टपकन फरशीवर पडली, मागोमाग गव्हाचे दाणे, आणि मग इलिंकाने असा भोंगा पसरला की फाटकातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"रड," किवा म्हणत होती, "रड माझ्या बाई, अजून रड."

ऑरिकाने छाती ऐकली. "आत किती गेलंय ते आत्ता कळणार नाही. ताप आला, तर दोनतीन दिवसांत येईल. वाट बघायची."

"मी त्याच्यासाठीच..." दोम्निका भिंतीला टेकून म्हणाली. "मी वाईट नव्हते करत, किवा."

किवाच्या जिभेवर शिवी आली होती. ती तिथूनच मागे फिरली.

"नाही," ती म्हणाली. "मीही बावीस वर्षं वाईट नव्हते करत."

*

रविवारी किवाची सुट्टी होती. ती सकाळी सातला हजर. तापमापक काढला, पुसला, लावला. सदतीस. एक तासाने पुन्हा. छत्तीस-नऊ.

"मावशी, काखेत भोक पाडाल तिच्या," ऑरिका म्हणाली.

"पुन्हा खोकली ती."

"आपणही खोकतो."

"तू नको सांगूस. तू ऐक छाती."

घरी जायला निघाली, पण अर्ध्या वाटेवरूनच परत आली; कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले. सोमवारी त्रिनिटीचा सण, चर्चमध्ये अक्रोडाच्या डहाळ्या, आणि हिचं लक्ष घंटेऐवजी फाटकाकडे. प्रार्थना अर्धी टाकून ही पुन्हा बालगृहात. छत्तीस-आठ. मंगळवारी दुपारी ऑरिकाने नळी कानातून काढली.

"स्वच्छ आहे. दोन्ही बाजू."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं, मावशी."

किवा स्वयंपाकघरात गेली आणि शीतपेटीच्या मागच्या कोपऱ्यातून कोलिवाने भरलेला एक लहान निळा वाडगा काढला. दर वर्षी ती सांदूच्या नावाने एक वाडगा आणायची आणि मुकाट्याने स्वयंपाकिणीला द्यायची. मुलाच्या हाती द्यायचं धाडस तिला कधी झालं नाही. या शनिवारी तर तेवढंही राहिलं होतं.

"मंगळवारी कोण दान देतं?" स्वयंपाकीण म्हणाली. "वेळ गेली त्याची."

"सांदूला घाई नाही. घाई मला होती."

तिने गोळ्या काढून टाकल्या. गहू आणि अक्रोड कोमट दुधात घालून यंत्रात तीनदा फिरवले, चाळणीतून गाळले. चमचा उलटा धरून बघितला. मलईसारखा लगदा चमच्याला धरून राहिला. मग तिने दारात चुळबुळत उभ्या असलेल्या दोम्निकाला हाक मारली. ती तिन्ही दिवस येऊन फाटकातूनच विचारून जात होती.

"या, इलिंकासमोर बसा. तिच्या डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली. तुमचा माणूस आणि माझा सांदू, दोघांच्या नावाने. चमचा तुम्ही धरा."

"मी? नको गं, माझे हात बघ कसे..."

"माझे काय वेगळे आहेत? अर्धाच भरा. समोरून. आता थांबा."

"किती थांबू?"

"गळा बघा. तो सांगेल."

इलिंकाने ओठ मिटले. जिभेने काहीतरी फिरवलं. काहीच होईना. दोम्निकाचा हात दुसऱ्या घासाकडे निघाला आणि किवाने तिचं मनगट धरलं, तसंच, जसं ती इतके महिने स्वतःचं धरत आली होती.

गळा हलला.

"देव त्यांना क्षमा करो," झेनिया मागून म्हणाली, कुणीतरी म्हणायला हवं म्हणून. "मला पण द्या ना थोडं. गोळ्यांसकट."

"गिळू दे तिला आधी," किवा म्हणाली. तिने इलिंकाच्या पाठीवर तळवा ठेवला होता आणि डोळे बारीक करून ती आतला श्वास ऐकत होती.