साडेसात मिनिटांचं काम

तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगवर गयासुद्दीन हमालांचा मुकादम होता. सरकीच्या पोत्यांचा ट्रक किती वेळात भरेल हे तो आधी सांगायचा आणि तेवढ्यातच भरून घ्यायचा. एकदा देवमन हमालाच्या पाठीवरचं पोतं ट्रकची फळी चढताना घसरलं. दोन पावलं राहिली होती. गयासुद्दीननं त्याची दिवसाची हजेरी कापली. म्हणाला, "अर्ध्या वाटेत टाकलेल्या पोत्याची मजुरी नसते." घरीही तो हेच ऐकवायचा.

त्या साली कापूस बुडाला. आठवड्याला एखादा ट्रक यायचा. नेमका मुलीच्या परीक्षेचं काम होतं त्याच दिवशी आला.

मुलगी तुबा बारावी झाली होती. नर्सिंगच्या ऑनलाइन प्रवेशपरीक्षेच्या सॉफ्टवेअरची फाइल अकराच्या आत नेटवरून उतरवायची होती. अकराला लिंक बंद, की वर्ष गेलं. पोरीनं नेट कॅफेत एकटं जायचं नाही, ही बापाची ताकीद. म्हणून ती नऊपासून जिनिंगच्या फाटकाशी उभी होती.

"अब्बा, आता चला. एक घंटा लागते."

"फाइल नऊशेची. खुशालरावच्या कॅफेच्या पाटीवर स्पीड दोनचा. साडेचारशे सेकंद, म्हंजे साडेसात मिनिटं. चहाच्या सुट्टीत होते."

"फाइल मेगाबाइटमधी मोजतेत, स्पीड मेगाबिटमधी. आठ बिट तवा एक बाइट. आठपट वेळ लागते."

"तू मले हिशोब शिकवते? तीस वर्सं ट्रक भरून राहिलो मी."

"मंग मी एकटी जातो."

"पाऊल टाकून तं दाखव!"

चहाची सुट्टी सव्वादहाला झाली. दहा वाजून वीस मिनिटांनी कॅफेत तुबानं फाइल सुरू केली. गयासुद्दीन घड्याळ हातात धरून उभा राहिला. साडेसात मिनिटं झाली. पडद्यावर बारा टक्के.

"खुशालराव, हे काहून अडून राहिलं?"

"अडलं नाही, मुकादम. दोन मेगाबिटची लाइन अशीच चालते. घाई असंन तं पाठ लावा, लोटा!"

सगळा कॅफे हसला. तुबा हसली नाही. तिची नजर आकड्यावर होती.

अकरा वाजले. सहासष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. लिंक बंद.

"सहाशे तं आले ना? तेवढ्यावर नाही भागत?"

तुबा उठली. ओढणी सारखी केली.

"अर्ध्या वाटेत टाकलेल्या पोत्याची मजुरी नसते, अब्बा."

तो जिनिंगवर परतला. ट्रक अर्धा रिकामा. मुकादमाशिवाय पोतं उचलायचं नाही, हा त्याचाच नियम. हमाल फळीवर बसून होते. ट्रक पाऊण तास उशिरा भरला. संध्याकाळी त्यानं सगळ्यांची अर्धी हजेरी कापली. पहिली देवमनची.