राजारामाचा पेला

गिरीश कारखानीस सनीव्हेलच्या एका कंपनीत चिप डिझाइन करायचा, आणि त्याच्या अपार्टमेंटच्या कपाटात, बायकोच्या रेशमी साड्यांशेजारी, पंधरा किलोचं लोखंडी चिलखत टांगलेलं असायचं. दोन हँगर त्याने मोडले होते. "हे भंगार टाकून दे ना बाबा एकदाचं," सुलेखा म्हणायची. तो नुसता हसायचा. लग्नाला आठ महिने झाले तरी त्याने तिला सगळं सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की स्वतःलाच कसंतरी व्हायचं.

तर झालं होतं असं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत असताना एका रूममेटने त्याला ऑगस्टात, दोन-तीन तासांवरच्या एका माळावर नेलं. तिथे दरवर्षी आठवडाभर हजारो शहाणीसुरती अमेरिकन माणसं मध्ययुगात राहायला यायची. तंबू ठोकायची, ढाली घ्यायची, वेताच्या तलवारींनी एकमेकांना बदडून काढायची. "वेड लागलंय लेको तुम्हाला!" असं म्हणत गेलेल्या गिरीशने पुढे चार वर्षं एकदाही खाडा केला नाही. आता बोला!

त्याच्या तळाचा दंडक होता की फाटकाच्या आत खरं नाव काढायचं नाही. गिरीशने आपल्या आजोबांचं नाव उचललं आणि देवगिरीचा राजाराम झाला. कुंपणाची तार सळईवर गुंडाळायची, कापायची, पकडीने कडीत कडी अडकवत चिलखत विणायचं, या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तळावर गॉडविन नावाचा सत्तरीचा सुतार होता. त्याने राजारामासाठी अक्रोडाच्या लाकडाचा पेला कोरला आणि खुंटीला अडकवला. ज्याचा पेला खुंटीवर, त्याची शेकोटीपाशी जागा. शेवटच्या शनिवारी संध्याकाळी हजेरी व्हायची, आणि निरोप न धाडता सलग तीन वर्षं जो आला नाही त्याचा पेला नव्या माणसाला जायचा.

चौऱ्याऐंशीत नवी नोकरी, रजा नाही. पंच्याऐंशीची सगळी रजा पुण्यात मुली बघण्यात गेली. शहाऐंशीला तो जाणारच होता, तिकीट काढलं होतं. पण चिप कारखान्यात पाठवायची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली आणि त्याला ते कॅन्सल करावं लागलं. त्या शनिवारी सकाळी ऑफिसात बसल्याबसल्या तिसरं वर्ष त्याच्या लक्षात आलं.

"नुसता निरोप तर द्यायचाय," म्हणत त्याने फोन उचलला आणि तसाच धरून बसला. करणार कुणाला? तो रूममेट पहिल्या वर्षानंतर तिकडे फिरकला नव्हता, आणि बाकी चार वर्षं ज्यांच्याबरोबर जेवला, ज्यांच्या तंबूत झोपला, त्यांतल्या एकाचंही खरं नाव त्याला माहीत नव्हतं. त्यांनाही त्याचं नव्हतं. इतका शिकलेला माणूस, पण हे एवढं कधी सुचलं नाही!

शेवटी त्याने त्या माळाच्या मालकाच्या कचेरीचा नंबर मिळवला. फोनवरच्या बाई फार सज्जन निघाल्या.

"निरोप कुणाला द्यायचा?"

"गॉडविनला. म्हणावं, राजाराम यंदा येऊ शकत नाही, पण पेला ठेवा."

बाईंनी ते लिहून घेतलं, त्याचा घरचा नंबरही घेतला. तिकडे दुपारचा एक वाजला होता, हजेरीला अजून पुष्कळ वेळ होता. गिरीश निवांत कामाला लागला.

रविवारी सकाळी सुलेखा चहा गाळत असताना फोन वाजला. आवाज म्हाताऱ्याचा होता.

"राजाराम? मी गॉडविन. अरे, यंदा इथे चार गॉडविन आहेत. तुझी चिठ्ठी तिघांकडे फिरून आत्ता माझ्याकडे आली."

"आणि पेला?"

"काल संध्याकाळी दिला. ओहायोच्या एका पोरीला. मी हजेरीत तुझं नाव तीनदा पुकारलं रे."

एका लाकडी पेल्यासाठी एवढं वाईट वाटावं, याची गिरीशला लाज वाटली, आणि वाईट वाटायचं काही थांबेना.

"ऐक," म्हातारा म्हणाला, "पुढच्या वर्षी मला जमेलसं वाटत नाही. गुडघे गेलेत. मग तुला शोधायचा कुठे, हा विचार रात्रभर डोक्यात होता. तुझं नाव काय?"

दंडक होता. पण खुंटीवर पेलाच नव्हता, आता दंडक कुणासाठी पाळायचा?

"गिरीश," तो म्हणाला.

तिकडून दोनदा तो शब्द घोळवल्याचा आवाज आला. "गिरीश. मी वॉल्टर. कागद घे, पत्ता सांगतो."

गिरीशने चहाच्या पुड्याच्या कागदावर पत्ता लिहून घेतला, आपला सांगितला. फोन ठेवला तरी तो तिथेच उभा राहिला.

"कोण होतं रे?" सुलेखाने विचारलं.

"वॉल्टर."

"हा कोण? कधी ऐकलं नाही नाव."

"मीपण आजच ऐकलं," गिरीश म्हणाला. "सहा वर्षांचा दोस्त आहे माझा. बस, सांगतो."