आई इथे कधी आल्याच नाहीत

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चहा पिता पिता हसत. भुतंखेतं, भास, संकेत… माझा कशावरच विश्वास नव्हता. आता आहे का, तेही माहीत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गडबड पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर तिच्यावर 'बंद' असा शिक्का मारून मी मोकळी होते. ही मात्र काही केल्या बंद होत नाहीये. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त 'शांत करून घ्या' असं सांगू नका, ते मंदारच्या मावशीने आधीच सांगून झालंय.

मंदार म्हणजे माझा नवरा. आम्ही मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नला राहतो. मध्यंतरी त्याला फ्रान्सच्या खेड्यांतली पडकी घरं विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. दगडी भिंती, निळ्या खिडक्या, आणि अंगणात चीज-बीज खात निवांत बसलेली माणसं. मी म्हटलं, बघू दे बापडा, बघायला काय जातंय! तर एके दिवशी साहेब म्हणाले, "फ्रान्स काही आपल्याच्याने व्हायचं नाही. पण इथून दोन तासांवर एक कॉटेज मिळतंय."

गावाचं नाव देत नाही. एक पब, एक बेकरी, एक पेट्रोल पंप, संपलं गाव. घर म्हणजे लाकडी फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, पुढे व्हरांडा. जमिनीपासून हातभर उंच, लाकडी स्टम्प्सवर, म्हणजे ठेंगण्या खांबांवर उभं. त्यातले निम्मे कुजलेले, त्यामुळे स्वयंपाकघरात लिंबू खाली ठेवलं की घरंगळत थेट बाथरूमपर्यंत जायचं. मी कपाळाला हात लावला. पण मंदारने ते कोणासाठी घेतलं होतं हे मला माहीत होतं, म्हणून गप्प बसले.

ते होतं आईंसाठी, माझ्या सासूबाईंसाठी. पुण्यात सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा सगळा जन्म गेला. जमिनीवरचं घर असावं, दारात चार झाडं असावीत, एवढीच त्यांची हौस. बाबा, म्हणजे माझे सासरे, अनेक वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे आई एकदाही ऑस्ट्रेलियाला येऊ शकल्या नव्हत्या. बाबा गेल्यावर त्या पहिल्यांदाच "येते रे" म्हणाल्या आणि मंदार पेटला. डिसेंबरचं तिकीट काढलं. त्यांच्या गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या पायऱ्या, धरायला कठडा… सगळं त्यांच्या मापाचं चाललं होतं.

काम करत होता ग्रेग, गावातलाच सुतार. तो सोमवार ते शुक्रवार यायचा, आम्ही शनिवार-रविवारी जाऊन रंगबिंग काढायचो. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी गेलो तर बाथरूमचं नवीन दार बसलेलं. पण ते बाहेर पॅसेजमध्ये उघडत होतं. आम्ही दिलेल्या ड्रॉइंगमध्ये ते आत उघडणारं होतं.

मंदारने ग्रेगला फोन केला. तो जवळच राहतो, पाच मिनिटांत आला. "युअर मम टोल्ड मी, मेट," तो म्हणाला. मधल्या वारी तो संध्याकाळी उशिरापर्यंत थांबला होता, तेव्हा त्या आल्या होत्या म्हणे. इंग्लिश फारसं बोलत नव्हत्या. पण दाराजवळ उभं राहून हातांनी नीट दाखवलं, आत नाही, बाहेर. त्याने "आर यू शुअर?" म्हटलं, तर त्यांनी त्याच्या हातातली बिजागरी घेऊन स्वतः चौकटीला दुसऱ्या बाजूने लावून दाखवली.

माझी आई जाऊन खूप वर्षं झाली. मंदारची पुण्यात.

मंदार फोनमधला आईंचा फोटो काढायला लागला, पण मी त्याला थांबवलं. माझ्यातली टेस्टर जागी झाली होती. आमच्या लग्नातला ग्रुप फोटो काढला. त्यात काकवा, आत्या, मावश्या मिळून साडीतल्या आठ-दहा बायका तरी होत्या. ग्रेगला म्हटलं, यातली कोण? त्याने फोन हातात घेतला, डोळे बारीक केले आणि प्लास्टरने माखलेलं बोट सरळ आईंवर ठेवलं. "हर. बट ओल्डर नाऊ."

मंदार पुढे होऊन ते दार उघड-बंद करून बघायला लागला. ग्रेगला वाटलं, दाराचं कौतुक राहिलं बाजूला आणि हे रागावले. हवं तर फिरवून देतो म्हणाला. मंदार म्हणाला, "नको. राहू दे."

दाराचं कारण सांगते. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा दार आत उघडणारं होतं आणि बाबा नेमके दाराला अडकून पडले होते. आई बाहेरून ढकलत होत्या, हाका मारत होत्या. शेवटी वॉचमनने बिजागऱ्या उचकटल्या. तोवर फार वेळ गेला होता. बाबा त्यानंतर कधी उठलेच नाहीत. हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं, ग्रेगला तर नाहीच.

मी हार मानली नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही आईंना घर दाखवायचो, तेव्हा त्याने पाहिलं असेल? पण ते कॉल शनिवार-रविवारचे, आणि ग्रेग तेव्हा नसायचाच. गावात दुसरं कोणी भारतीय? पेट्रोल पंपावर एक पंजाबी जोडपं आहे. त्यांना जाऊन विचारलं. "मम्मी तो जालंधर में हैं," तो म्हणाला आणि वर चहा पाजला. मग राहिली शेजारीण, जोन. ऐंशीच्या पुढची, एकटी राहते, आमच्यासाठी पिशवीभर लिंबं घेऊन यायची. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या घराकडे कोणी येतं का गं? ती म्हणाली, तुझ्या सासूशिवाय कोणी नाही. संध्याकाळी व्हरांड्याच्या पायरीवर बसते, बोलत नाही पण हसते छान. "पण एवढ्या उकाड्यात तिला तो पुरुषी स्वेटर का घालता तुम्ही? तो ब्राऊन, बिनबाह्यांचा…"

तो स्वेटर बाबांचा. बाबा गेल्यापासून आई दुपारी झोपताना तो घालतात. फक्त झोपताना… कॉलवर आमच्यासमोर कधीच नाही. मलाही तो मावशीकडून कळलेला.

त्या रविवारी आईंना फोन लावला. ठरवलं होतं की काही सुचवायचं नाही. मी एवढंच विचारलं, "आई, बाथरूमचं दार कसं बसवू या?"

"आता परत काय विचारतेस? बाहेर उघडणारं म्हणून सांगितलं ना मी!"

"कोणाला सांगितलंत?"

"कोणाला म्हणजे… तुम्हालाच सांगितलं असेल की. मला काय आठवतंय आता. झोपेत बडबडले असेन. लावलं ना तसं?"

"हो."

"मग झालं तर."

मला नव्हतं सांगितलं. मंदारला नव्हतं सांगितलं. दोघांनी एकमेकांना शपथा घातल्या, भांडलोसुद्धा.

आणि मग डिसेंबरात, निघायच्या जरा आधी, आईंना धाप लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय फार अशक्त झालंय, विमानप्रवास विसरा. आत्ताच नाही, कधीच नाही. तिकीट रद्द केलं. आई फोनवर म्हणाल्या, "असू दे रे, सगळं सगळ्यांना थोडंच मिळतं," आणि मंदार फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडला.

त्यानंतर जे झालं ते मला भुताखेतांपेक्षा जास्त लागलं. मंदार दर शुक्रवारी ऑफिसातून परस्पर कॉटेजला जायला लागला. पायरीवर बसून राहायचा. त्याला कधीच काही दिसलं नाही. जोनकडे जाऊन विचारायचा, या आठवड्यात आली होती का? कधी बसली होती? कुठे बघत होती? आणि जोन सांगायची, हो, मंगळवारी होती, झाडांना हात लावत होती. तो ते ऐकून लहान मुलासारखा खूश व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट उदास.

एका रविवारी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मंदार, तुझी आई जिवंत आहे! पुण्यात आहे! ती गेल्यासारखा इथे दिवे लावून काय बसलायस? तिला यायला जमत नाही, तुला तर जमतंय ना? जा की!"

तो म्हणाला, "आणि मी तिकडे असताना ती इकडे आली तर?"

शिकलासवरलेला इंजिनिअर माणूस, आणि हे वाक्य अगदी गंभीरपणे बोलला. मी लॅपटॉप उघडला आणि मार्चचं तिकीट काढलं.

तो गेला. मधल्या एका शनिवारी मी एकटीच कॉटेजला गेले, पाण्याची टाकी तपासायची होती. जोन कुंपणापाशी आली. म्हणाली, काल संध्याकाळी तुझी सासू आली होती. मी मान डोलावली, आता सवयच झाली होती. मग ती म्हणाली, "नाइस टू सी हिम विथ हर."

"कोणाला?"

"युअर हजबंड, लव्ह." दोघं पायरीवर बसले होते म्हणे. आई अंगणात बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या आणि तो माना डोलवत होता. "दाढी काढल्यावर काय तरुण दिसतो गं तो! मी आधी ओळखलंच नाही."

मंदारला मी दाढीशिवाय कधी पाहिलेलं नाही. कॉलेजपासूनची आहे ती. मी जोनला म्हटलं, तो इथे नाहीये, इंडियात आहे. ती माझ्याकडे दयेने बघायला लागली. तिला वाटलं असणार, यांचं काहीतरी बिनसलंय आणि तो मला न सांगता येऊन जातोय.

घरात येऊन व्हिडिओ कॉल लावला. मंदार स्क्रीनवर आला. गाल गुळगुळीत.

"हे कधी केलंस?"

"काल सकाळी. आईने पिच्छाच पुरवला. म्हणे, तुझा चेहराच दिसत नाही मला. कसा दिसतोय?"

"आणि काल दुपारी काय करत होतास?"

"काही नाही गं. जेवलो आणि आईशेजारीच आडवा झालो. तिने माझा हात धरून ठेवला होता, डोळा लागला दोघांचा. का गं?"

पुण्याची दुपार म्हणजे इथली संध्याकाळ. मी "काही नाही" म्हटलं. मागून आईंचा आवाज आला, "जेवलीस का गं?" मी हो म्हटलं, जेवले नव्हते तरी. खरं सांगू? भीती नाही वाटली. हेवा वाटला, आणि आपण एकट्याच बाहेर राहिलो असं वाटून रडू आलं.

जोनचं वय झालंय, ती काहीही घोळ घालत असेल, असं मी स्वतःला सांगते. पण ग्रेगचं वय नाही झालेलं. आणि दाढीचं काय करू?

आईंची तब्येत आहे तशीच आहे. मंदारने परतीचं तिकीट पुढे ढकललं, मग आणखी पुढे. ऑफिसचं काम तिकडूनच करतो आणि दुपारी आईंजवळ झोपतो. मी त्याला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आता शुक्रवारी मीच हाफ डे टाकते, ऊन उतरायच्या आत कॉटेजला पोचते आणि पायरीवर बसते, कडेला सरकून. मला कोणी दिसत नाही, काही जाणवतही नाही. पलीकडून जोन हात हलवते. तो मला, की माझ्या शेजारी बसलेल्यांना, हे मी तिला विचारलेलं नाही.