पायानं फिरवलेलं भात

दत्तादादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कर्जतला टायपिंगच्या क्लासात होते. शेजारचा बाळू सायकलवरून आला आणि दारातच उभा राहिला, आत येईना... मला वाटलं काकूचं काहीतरी झालं. दादाचं नाव डोक्यातही आलं नाही. पस्तिशीही न गाठलेला माणूस काविळीनं असा जातो का? आता महिना झाला, तरी लिहायला घेतलं की सगळं एकदमच सांगावंसं वाटतं.

दादा माझा चुलत भाऊ, आमच्या घरातला पहिला नोकरदार. खोपोलीच्या एका कारखान्यात मशीनवर होता. पाळ्या सारख्या बदलायच्या. झोपेच्या वेळी काम, कामाच्या वेळी झोप. आधी सगळ्यांना कौतुक होतं, मग हळूहळू त्याचं अंगच कारखान्यातून घरी यायला विसरलं. खांदे वर चढलेले, दात आवळलेले, जेवताना गुडघा सारखा हलत असायचा. कारखान्याचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू येतो. सुट्टीच्या दिवशीही तो वाजला की दादा ताटावरून ताडकन उभा. एकदा तान्ही शकू रडायला लागली आणि यानं हातातला तांब्या भिंतीवर फेकला. कुणाला लागला नाही, पण सुमनवहिनी लेकीला घेऊन कळंबला माहेरी गेली. तिच्या वडिलांचा निरोप आला, जावई ठिकाणावर येऊ देत, मग पोर धाडतो.

कुणी म्हणे बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणे नोकरी सोड. डॉक्टरांच्या गोळीनं झोप लागायची, पण उठला की पुन्हा तसाच. काकू, म्हणजे त्याची आई, तेव्हा शेतातल्या भाताच्या कामात होती. झोडणी होऊन भात अंगणात वाळत घातलं होतं. रातपाळी करून दादा आला तशी म्हणाली, "दत्ता, चपला काढ. भात फिरव."

"फावडं दे मग."

"फावडं नाय. पायानं."

"आये, रातभर उभा हाय मी."

"झोप तरी कुठं येते तुला? चाल."

दादा भातात उतरला आणि असा तरातरा चालला की दाणे ओसरीपर्यंत उडाले. काकू म्हणाली, "गाडी सुटते का रं तुझी? पाय उचलू नको, घासत ने. एक ओळ सरली की श्वास सोड. सगळा. कोंबड्यांना ऐकू गेला पायजे."

आम्ही हसलो. दादाही हसला, कितीतरी महिन्यांनी.

उन्हानं तापलेलं भात तळपायाला गरम लागतं, थोडं टोचतंही. त्यामुळे लक्ष पायातच राहतं, घाई करताच येत नाही. काही ओळींनंतर दादाचे खांदे खाली आले. मग जांभई. मग ओसरीवरच आडवा झाला आणि घोरायला लागला. तेव्हापासून कामावरून आला की आधी भात, मग चहा.

आणि एक दिवस वहिनीचे वडील न कळवता आले. ओसरीवर बसले, जावयाकडे बघत राहिले. तेवढ्यात भोंगा झाला. काकूनं माझा हात धरला... दादाचा पाय थांबला नाही. त्यानं ओळ पुरी केली, श्वास सोडला, मग वर बघून म्हणाला, "मामा, कवा आलात?"

त्यांनी चहा संपवला. "विहीणबाई, सोमवारी सुमनला आणून सोडतो. नातीला पण भातात सोडा, लय रडते."

पाळ्या काही बदलल्या नाहीत. वाईट दिवस नंतरही यायचे. पण उन्हाळ्यात भात नसलं तरी दादा ओसरीवर पाय घासत चालायचा आणि शकू त्याच्या मागे, मोठ्यानं फुस्स करत.

यंदाचं भात मागच्या आठवड्यात अंगणात घातलं. वहिनी दारात मुठी आवळून बसलेली असते, हाक मारली तरी दचकते. काकू स्वतः मोडून गेली आहे, पण तिनंच वहिनीला हाताला धरून उठवलं. वहिनी भातात उतरली, मी तिच्या मागे. दोन ओळी झाल्या. मग भोंगा झाला आणि ती जागच्या जागी थांबली, रस्त्याकडे बघत... पाळी सुटली होती.

"श्वास सोड गं बाय," काकू म्हणाली, अगदी हळू.

वहिनीनं सोडला नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो. ऊन उतरलं, तरी पायाखालचं भात गरम होतं.