बावीस घरांचा व्हॅक्यूम

इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी, गालिच्यांच्या गिरणीत मेव्हिस टॉलीने एकतीस वर्षं एकच काम केलं. मागावरून उतरलेला गालिचा टेबलावर पसरला की त्यावरून तळहात फिरवायचा. कुठे एखादा टाका सुटला असला तर डोळ्यांआधी तिच्या तळहाताला कळायचं. मग सुई घेऊन ती जागा भरायची. तिशीत असताना मुकादमाने गालिच्यांच्या एका बिघडलेल्या गठ्ठ्याबद्दल "चालतंय, जाऊ दे पुढे" म्हणून सांगितलं. मेव्हिसने सुई खाली ठेवली. "तुम्हीच ढकला पुढे. त्यावर तपासल्याची माझी चिठ्ठी लागायची नाही." दोन दिवस मुकादम तिच्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठा मुकाट्याने परत आला.

गिरणी बंद पडली, तिथे मोठं दुकान उभं राहिलं. नवरा क्लाइव्ह गेला. त्र्याहत्तराव्या वर्षी मेव्हिस कालव्याकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत राहत होती. दोन मजल्यांवर बावीस छोटी घरं, आणि बावीसही घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. त्या हिवाळ्यात कमिटीने ठरवलं, की सगळ्यांचे व्हॅक्यूम क्लीनर धापा टाकायला लागलेत, तर घरटी एक नवा, उभा, स्वस्तातला व्हॅक्यूम एकदमच घ्यावा. कमिटीचे अध्यक्ष डेस्मंड गार्बेट. बँकेतून निवृत्त झालेले, पण टाय अजून निवृत्त झाला नव्हता.

गुरुवारी सकाळी सगळे चहाला जमले तेव्हा विक्रेता यंत्र घेऊन आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याने कोऱ्या गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवला, यंत्र एकदा पुढे, एकदा मागे नेलं, आणि गालिचा लख्ख! बाया-पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

"मग ठरलं तर," गार्बेट म्हणाले.

"काय ठरलं?" मागून मेव्हिसचा आवाज आला. "वरवर टाकलं आणि वरवर उचललं. मी फुंकर मारली असती तरी उडालं असतं. धूळ काय वर बसून राहते का, डेस्मंड? ती तुडवली जाते, मुळाशी जाते. मुळाशी गेलेला वाळूचा कण पावलागणिक लोकर कापतो. तो निघतो का ते दाखवा म्हणावं."

"मेव्हिसबाई, आपल्याला गिरणी चालवायची नाही, घर झाडायचंय."

"माझंही घरच आहे. आठवडाभर यंत्र माझ्याकडे राहू दे."

"ठेवा की, बाई!" विक्रेता हसून म्हणाला. "एक सोडून दोन आठवडे ठेवा."

त्याचं ते हसणं मेव्हिसला झोंबलं. खरं सांगायचं तर निकाल तिने मनात आधीच लावून टाकला होता. एवढ्या स्वस्तात काय मिळणार, प्लास्टिक आणि गोंगाट! तिच्याकडे क्लाइव्हने घेतलेला जुना, दणकट व्हॅक्यूम होता. उचलताना कंबर मोडायची, पण काम चोख, अशी तिची खात्री.

तिने वाळू ओव्हनमध्ये कोरडी केली, स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तोलली, गालिच्याच्या तुकड्यावर पसरली आणि बूट घालून पाच मिनिटं त्यावर थयथय नाचली. खालच्या घरातून छताला काठी ठोकली गेली. "मरू दे, पाच मिनिटं सोसा!" मेव्हिस ओरडली. मग क्लाइव्हचा व्हॅक्यूम मोजून दहा वेळा फिरवला आणि निघालेली वाळू तोलली. पुन्हा सगळं पहिल्यापासून करून नवा व्हॅक्यूम दहा वेळा फिरवला.

नव्याने जास्त वाळू काढली.

मेव्हिसने काटा झटकून पाहिला. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा नवाच पुढे. ती स्टुलावर बसून राहिली. केलेला चहा गार झाला. क्लाइव्हच्या व्हॅक्यूमकडे तिला बघवेना. पण वहीत तिने लिहिलं ते खरं तेच: "वाळू चांगली काढतो. माझ्याकडच्यापेक्षा चांगली." मग कोपरे पाहिले, वायर पुरते का पाहिलं, आवाज ऐकला. आवाज सोडला तर कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती.

मांजराचे केस निघतात का ते तेवढं पाहायचं राहिलं होतं, म्हणून ती यंत्र घेऊन शेजारच्या बेरिल हिंगलीकडे गेली. बेरिल एकोणऐंशीची. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती, आणि दोन वर्षं तिच्या घरात व्हॅक्यूम फिरायचा तो पंधरा दिवसांनी सून आली की.

"नाक मुरडते गं ती," बेरिल म्हणाली. "तोंडाने काही बोलत नाही, पण नाक बोलतं तिचं."

"मग आज तू फिरव."

"मी? अगं, वेडी का काय!"

पण यंत्र हलकं होतं. बेरिलने ते दाराशी नेलं, खिडकीशी नेलं, खुर्चीखाली घातलं. मांजर कपाटावर जाऊन बसलं. केसांनी यंत्राचा धुळीचा डबा भरला तशी बेरिलच्या गालांवर लाली आली. मग डबा रिकामा करायला ती खाली बसली. डब्याचा खटका अंगठ्याने दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. चमच्याची दांडी घालून पाहिली. शेवटी हसली.

"राहू दे. सून आली की काढेल."

ते हसणं मेव्हिसला पाहवलं नाही. आपण आठवडाभर वाळू तोलत बसलो, आणि सुटलेला टाका तो हा!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती यंत्र ओढत दारोदार निघाली. "खटका उघडून दाखवा," एवढंच म्हणायची. कुणी म्हणालं, "काय विकायला आलीस?" कुणी म्हणालं, "माझी परीक्षा घेतेस होय गं, म्हातारे?" पण करून सगळ्यांनी पाहिलं. तिचं स्वतःचं आणि बेरिलचं धरून एकवीस घरांत आठ जणांना खटका उघडेना. राहिलं एक घर, गार्बेटांचं.

"माझं काय पाहायचंय?" दार अर्धंच उघडून ते म्हणाले.

"सगळ्यांचं पाहिलं, डेस्मंड. एक सोडून कसं चालेल?"

त्यांनी यंत्र आत घेतलं. उजवा हात खटक्याशी नेला, तो थरथरत होता. डाव्या हाताने उजवा धरला, तरी खटका हलेना. त्यांनी यंत्र बाजूला सारलं.

"हे सभेत..." गार्बेट म्हणाले.

"नावं सांगायला मी बसलेली नाही. आकडा सांगेन."

गुरुवारच्या सभेत मेव्हिस उभी राहिली. "यंत्र धूळ चांगली काढतं. माझ्या घरच्यापेक्षा चांगली. मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं होतं." विक्रेत्याने मान झुकवली. "पण बावीसांपैकी नऊ जणांना डबा उघडता येत नाही. जो व्हॅक्यूम रिकामा करायला दुसरं माणूस बोलवावं लागतं, तो माझ्या लेखी आपला नव्हे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "नऊ म्हणे! कोण नऊ? उगाच फाटे फोडायचे."

"ते मी सांगणार नाही," मेव्हिस म्हणाली.

"नावं सांगता येत नाहीत तर—"

गार्बेटांनी घसा खाकरला. "त्यांतला एक मी आहे." त्यांनी हात टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्यानंतर बेरिलने हात वर केला. मग एकेक करत बाकीचे सात.

विक्रेता आता हसत नव्हता. "कागदी पिशवीचा एक येतो," तो म्हणाला. "खटका नाही, पिशवी नुसती ओढून काढायची. थोडा महाग पडेल."

"तोही आठवडाभर ठेवून जा," मेव्हिस म्हणाली, आणि सभेत हशा पिकला.

पिशवीवाला वाळू थोडी कमी काढायचा, मेव्हिसने तसं लिहिलं, आणि खाली लिहिलं, "दोनदा फिरवावा." शेवटी तेरा घरांत डब्याचा आला, नऊ घरांत पिशवीचा. सगळं एकसारखं हवं असणाऱ्या गार्बेटांनीच मागणीच्या कागदावर सही केली. सही वेडीवाकडी आली, पण त्यांनी ती पुन्हा केली नाही.

शनिवारी दुपारी बेरिलने मेव्हिसला चहाला बोलावलं, आणि आल्याबरोबर सोफ्यावर बसवून स्वतः व्हॅक्यूम सुरू केला. एवढीशी खोली, पण अर्धा तास लागला. टेबलाखालचा कोपरा राहिला. मेव्हिसला तो दिसत होता. तिचे हात शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

"पाय वर घे गं," बेरिल म्हणाली. "मधे मधे येऊ नकोस."

मेव्हिसने पाय वर घेतले.