लॉनवर बसवलेल्या मेंढ्या

आमचं लॉन निम्मं हुमणीनं खाल्लं. उरलेलं निम्मं आम्ही उपचार करून संपवलं.

अंबडला घर बांधलं तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत मेथी-कोथिंबीर लावावी, असं घरात सगळ्यांचं मत होतं. पण मी पडलो हायस्कूलचा मास्तर! मेंढ्या राखणाऱ्या घराण्यातला पहिला पदवीधर! मी जालन्याहून तयार गवताचे तुकडे आणून अंथरले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भोवतीनं एक चक्कर मारली.

"हे खायचं असतं का?"

"नाही."

"मंग इकायचं?"

"नाही आबा, नुसतं बघायचं असतं."

"बरं. बघून राह्यलो," म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

पुढे माझ्या मुलीचं, रेणूचं, लग्न वाटूरच्या एका बागायतदाराकडे ठरलं. बैठकीत कुणी विचारलं नसताना मी बोलून बसलो, "साखरपुडा आमच्या लॉनवर! हॉल-बिल काही नाही!" व्याही खूश झाले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की हातातला चहा निवला. (तिला लॉनची तब्येत माहीत होती. मला नव्हती.)

कारण त्याच आठवड्यात गवत पिवळं पडायला लागलं. पाणी कमी पडतंय, असं निदान मी केलं आणि टँकर मागवला.

"नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई," बायको शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अन् हे गवताला टँकर पाजून राह्यले!"

टँकर पिऊनही गवत पिवळंच. शेवटी मी वाकून एक झुबका प्रेमानं ओढला, तर नाटकातल्या टोपासारखा अख्खा तुकडाच हातात आला! खाली पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या वेटोळं करून आरामात पडल्या होत्या.

"हुमणी हाय," आबा म्हणाले. "उसाच्या मुळ्या खाती. तुझ्याकडं पाव्हणी आल्ती, तू वरून पाणी पाजलं!"

मी औषध टाकलं. अळ्या वर आल्या, त्या वेचायला बगळे आणि साळुंक्या आल्या, आणि त्यांनी चोचींनी अशी नांगरट केली की खालचा मुरूम उघडा पडला. (हा मुरूम प्लॉट उंच करायला मीच टाकून घेतला होता.) साखरपुडा आठवड्यावर आला होता. पोरीच्या सासरी आपलं हसं होणार होतं!

"जमिनीत दमच न्हाई," आबा म्हणाले. "मेंढ्या बसव!"

आमच्याकडे शेताला खत म्हणून धनगराचा कळप रानात मुक्कामाला बसवतात. लेंड्या आणि मूत पडलं की जमीन सुधारते. ऐकल्याबरोबर माझं रक्त सळसळलं! "याला सेंद्रिय म्हणतात!" असं बायकोला सुनावून मी चुलतभावाला, धोंडीला, फोन लावला.

"घरचंच काम हाय की दादा! बिलकुल आणतो!"

संध्याकाळी कळप आला. आम्ही कौतुकानं फाटक उघडलं, धोंडीला भाकरी वाढली आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी लॉन नव्हतं! तुळस नव्हती, जास्वंद नव्हती, दोरीवरच्या साडीचा पदरही नव्हता. मेंढ्या रिकाम्या रानात बसवतात, उभ्या पिकात नाही, हे आमच्या घराण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण आबांना आठवलं नाही, धोंडीला नाही आणि मला तर नाहीच. खरं सांगू? त्या गवताला आमच्यातल्या एकानंही मनातून पीक मानलंच नव्हतं!

मी लुंगीवर, हातात काठी, काखेत कोकरू, अशा अवतारात कळप हाकत होतो, तेवढ्यात फाटकात व्याही! अंबडच्या कोर्टात त्यांची तारीख होती, म्हणून जाता जाता जागा बघायला आलेले.

"सर... लॉन कुठंय?"

दारात रेणू रडवेली उभी. संपलं, मोडलं लग्न!

"त्यांच्या पोटात," आबांनी काठीनं मेंढ्या दाखवल्या.

व्याही खाली वाकले, चिमूटभर लेंड्या उचलल्या, तळहातावर चोळल्या, हुंगल्या.

"सर, आमचं कपाशीचं रान रिकामं झालंय. जल्दी बसवता का तिथं?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. (काखेत कोकरू होतं म्हणून राहिलं.)

साखरपुडा त्याच मुरमावर, सतरंज्या टाकून, थाटात झाला. इतकी वर्षं मी गावात "सर" म्हणून मान राखला, पण व्याह्यांनी आपल्या सगळ्या गोतावळ्याला माझी ओळख करून दिली, "हे आमचे मेंढ्यावाले व्याही!" मग काय, जो तो माझा हात धरून गळ घालायला लागला, "एकदा आमच्याकडं मुक्कामाला याच!"

मी भारावून गेलो. म्हणालो, "शाळेला सुट्टी लागली की नक्की येतो."

"तुमचं राहू द्या हो सर," सगळ्यात वडीलधारे पाहुणे म्हणाले, "तुम्ही न्हाई आले तरी चालंल. मेंढ्या तेवढ्या धाडा!"